आजा-नातवांचें गायनमंडळ

घरांतील सर्वांत वडील माणूस आणि सर्वांत लहान मूल ह्या दोघांची गट्टी चटकन जमते, हा घरोघरचा अनुभव आहे. दोघांनाही कसली घाई नसते. तीच गोष्ट दहा वेळां सांगण्याचा एकाला कंटाळा येत नाहीं आणि ऐकण्याचा दुसऱ्याला येत नाहीं. कर्त्या माणसांच्या दिवसांत अशा सांगण्या-ऐकण्यास जागा नसते. म्हणून हीं दोन टोकेंच एकमेकांस मिळतात. परंतु त्यासाठीं दोघें एका छपराखालीं असावीं लागतात, आणि अडचण येथेंच आहे. पोटापाण्यासाठीं मुलगा शहरांत गेला. त्याच्या दोन खोल्यांत म्हाताऱ्या आईबापांस जागा उरली नाहीं. गांवीं राहिलेल्या आजोबांस नातू मे महिन्याच्या सुट्टींत भेटतो. जेथें दोघें एकाच शहरांत आहेत तेथेंही मूल बालवाडींत आणि आजी ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर अशी वांटणी होते. २०११ च्या जनगणनेंत भारतांतील साठीपुढील माणसांची संख्या १० कोटींहून अधिक भरली. ह्या माणसांजवळ वेळ आहे आणि पुष्कळांजवळ गाणीं आहेत. तीं घेणारें कोणी जवळ नाहीं, एवढीच उणीव आहे.

ही उणीव भरून काढण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे दोन्ही वयांच्या माणसांचें मिळून एक गायनमंडळ काढणें. मात्र त्याला एक अट आहे. एकानें गावें आणि दुसऱ्यानें खुर्चींत बसून ऐकावें, अशी वांटणी त्यांत नसावी. दोघांच्याही हातीं काम हवें, आणि एकाचें काम दुसऱ्यावांचून अडलें पाहिजे. ही अट जेथें पाळली गेली तेथें मंडळ टिकलें. जेथें ती सुटली तेथें नुसता एक दिवसाचा कार्यक्रम झाला. महाराष्ट्रास ही गोष्ट मुळींच नवी नाहीं.

गांवच्या देवळांतील वारकरी भजनाची मांडणी पाहिली म्हणजे हें ध्यानांत येईल. मध्यें वीणेकरी, जवळ मृदंगी, आणि दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या ओळी. पुढचा म्हणणारा अभंगाचा चरण उचलतो आणि बाकीचे ध्रुवपद धरतात. पुष्कळ ठिकाणीं वीणा एखाद्या वृद्ध माणसाच्या गळ्यांत असते. त्याचें पाठांतर दांडगें, पण दम पूर्वीसारखा पुरत नाहीं. तो चरण सुरू करून देतो आणि चाल वर नेण्याचें काम तरुण गळ्यांवर सोंपवितो. ओळीच्या टोकाला सातआठ वर्षांचा एखादा पोर टाळ घेऊन उभा असतो. त्याला अख्खा अभंग येत नाहीं, पण ध्रुवपद येतें, आणि नामाचा गजर तर पहिल्याच दिवशीं येतो. त्याचा ठेका चुकला तर कोणी भजन थांबवीत नाहीं. शेजारचा म्हातारा आपला टाळ जरा ठाशीव वाजवितो आणि पोर सांवरून घेतो. पुढें ध्रुवपदावरून चरण, चरणावरून चाल, आणि हात चांगला असेल तर टाळावरून मृदंग, अशी पायरीपायरीनें त्याची प्रगति होते. पुढें १९१७ सालीं विष्णुबुवा जोग यांनीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली आणि ह्या विद्येस शाळेचें रूप दिलें. तथापि गांवोगांवच्या भजनांत शिकण्याची रीत तीच राहिली: आधीं ओळींत उभें राहावयाचें आणि मग शिकावयाचें.

मुलींच्या बाबतींत हेंच काम हादग्यानें केलें. ह्याच खेळाला कोठें भोंडला म्हणतात, तर विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाईचीं गाणीं होतात. हस्त नक्षत्राच्या सोळा दिवसांत हत्तीच्या चित्राभोंवतीं मुली फेर धरतात. पहिल्या दिवशीं एक गाणें, दुसऱ्या दिवशीं दोन, आणि अशा रीतीनें सोळाव्या दिवशीं सोळा. कालचें गाणें आज पुनः म्हणावयाचें आणि त्यांत एकाची भर घालावयाची, ही पाठांतराची पद्धति कोणाही शिक्षणशास्त्रज्ञानें वाखाणावी अशी आहे. गाणीं ठाऊक असतात आजीला आणि मावशीला. फेर धरण्याची हौस असते नातीला. शेवटीं डब्यांतली खिरापत ओळखावयाची असते, त्यामुळें अगदीं चिमुरडी मुलगीही शेवटच्या गाण्यापर्यंत टिकून राहते.

सगळ्याच रीती अशा टिकल्या नाहींत. पहांटे जात्यावर बसलेली बाई ओवी गाई, समोर खुंट्याला हात लावणारी सासू अगर जाऊ ती उचलून धरी, आणि शेजारीं झोंपलेलें अथवा अर्धवट जागें असलेलें मूल ती ऐके. गांवांत पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वांचले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु गाणें ज्या कामाला बांधलेलें होतें तें काम गेलें, आणि त्याबरोबर मुलीच्या कानावर ओवी पडण्याची वेळही गेली. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं पुण्याहून सहकाऱ्यांच्या मदतीनें खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहालयानें २०१७ पासून त्या लोकांपुढें ठेवण्यास आरंभ केला. हें कार्य थोर आहे. परंतु संग्रहांत ओवी राहते ती कागदावर आणि ध्वनिमुद्रणांत; ती पुनः कोणाच्या तोंडीं बसावयाची तर गाणाऱ्या बाईपुढें शिकणारें मूल बसलेलें हवें.

आजच्या सोयींनीं दोन्ही वयें आणखी दूर केलीं आहेत. भजनस्पर्धांत पुरुषांचा गट वेगळा, महिलांचा वेगळा आणि बालकांचा वेगळा असतो. स्पर्धेच्या न्यायाला तें सोयीचें असेल. पण ओळीच्या टोकाचा तो पोर आणि त्याच्या शेजारचा म्हातारा ह्यांची त्यांत फारकत होते. वृद्धाश्रमांतही वर्षाकाठीं एखादी शाळा येते. मुलें नटूनथटून दोनचार गाणीं म्हणतात, फळें वांटलीं जातात, छायाचित्र निघतें आणि गाडी परत जाते. हेतु चांगला, पण मुलांस त्या म्हाताऱ्यांचीं नांवें कळत नाहींत आणि म्हाताऱ्यांच्या गाण्यांविषयीं कोणी विचारीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं दोघांचीही स्थिति पूर्वीचीच असते.

परदेशांत ह्या बाबतींत कांहीं जाणीवपूर्वक प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेंतील सिअॅटल शहरीं ‘माउंट सेंट व्हिन्सेंट’ ह्या वृद्धांच्या निवासांत १९९१ सालीं बालकेंद्र उघडण्यांत आलें. लंडनच्या ‘नाइटिंगेल हाउस’ ह्या वृद्धनिवासाच्या आवारांत २०१७ सालीं बालवाडी सुरू झाली. दोन्ही ठिकाणीं मुलें रोजचींच तेथें असतात आणि गाणें हा एकत्र उद्योगांपैकीं एक असतो. पाहुणी आलेलीं मुलें आणि शेजारीं राहणारीं मुलें ह्यांत जो फरक असतो तोच ह्या प्रयत्नांचा गाभा होय.

संगीतच कां, ह्याला शास्त्रज्ञांनीं दिलेली उत्तरें विचार करण्याजोगीं आहेत. जर्मनींतील लायप्झिग येथील संशोधकांनीं २००९ सालीं अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांस ठेका धरावयास लावला. यंत्राच्या ठोक्यापेक्षां समोर ढोल वाजविणाऱ्या माणसाबरोबर मुलांचा ताल अधिक चांगला जुळला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या करून पाहिल्या. ज्या जोड्या मिळून गात-वाजवीत खेळल्या त्यांतील मुलें खेळानंतर एकमेकांच्या मदतीस अधिक तत्परतेनें धांवलीं. म्हणजे लहान मुलाला ताल शिकण्यासाठीं सवंगडी माणूस लागतें, आणि ताल जुळला कीं आपलेपणाही वाढतो.

वृद्धांच्या बाजूनेंही असाच आधार आहे. लायप्झिगच्याच दुसऱ्या एका संशोधनांत २०१५ सालीं असें आढळलें कीं, फार दिवसांच्या ओळखीचें संगीत मेंदूच्या ज्या भागांत सांठविलेलें असतें ते भाग अल्झायमरच्या विकारांत इतर भागांच्या मानानें उशिरां झिजतात. मुलांचीं नांवें विसरलेली आजी अंगाईगीत मात्र बिनचूक म्हणते, ह्याचें मर्म बहुधा येथें आहे. गाण्यानें हा विकार बरा होत नाहीं, हें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. परंतु ज्या माणसाला घरांत सगळे ‘तुम्हांला आठवत नाहीं’ असें सांगतात, त्याच्याजवळ मुलाला शिकविण्याजोगें कांहीं शिल्लक असतें, ही गोष्ट त्या माणसाला व मुलाला दोघांनाही मोलाची आहे.

असें मंडळ काढतांना कांहीं व्यावहारिक गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली गोष्ट पट्टीची. लहान मुलाचा गळा आंखूड. पांचसहा सुरांच्या पलीकडे तो सहज फिरत नाहीं. वाढत्या वयांत बायकांचा आवाज खालीं उतरतो, आणि तार सप्तकांत जाण्याची ताकद कोणाचीच राहत नाहीं. म्हणून षड्जापासून पंचमापर्यंत फिरणारीं गाणीं निवडावीं आणि पेटीवर काळी एक अथवा काळी दोन धरावी. मुलें आणि आज्या एका सप्तकांत गातात, आजोबा त्याच्या खालच्या सप्तकांत गातात, आणि कोणाचाच गळा ताणत नाहीं.

दुसरी गोष्ट लयीची. मुलांची स्वाभाविक लय जलद असते. वय वाढतें तशी ती संथ होते. दोघांना एकाच चालीनें ओढूं गेल्यास एकाला दम लागतो आणि दुसऱ्याचें लक्ष उडतें. भजनाची तोड येथें उपयोगी पडते. वृद्धांनीं टाळीनें मूळ मात्रा धरावी आणि जरा मोठ्या मुलांनीं चिपळ्यांवर दुप्पट वाजवावें. लय एकच राहते आणि दोघेंही आपापल्या चालीनें चालतात.

तिसरी गोष्ट कानांची. उतारवयांत प्रथम कमी ऐकूं येतात ते उंच स्वर, आणि मुलाचा बारीक आवाज नेमका तेथेंच असतो. श्रवणयंत्र लावणाऱ्यास मोठ्या टाळांचा खणखणाट असह्य होतो. तेव्हां मोठे टाळ दूर ठेवावे, अर्धवर्तुळांत जवळ जवळ बसावें आणि एकेका वृद्धाशेजारीं एकेक मूल असें बसवावें, म्हणजे ओठ दिसतात आणि शब्द कळतात. बैठक अर्ध्या तासाहून फार लांबवूं नये. ज्यांची स्मृति क्षीण झाली आहे त्यांची अस्वस्थता पुष्कळदां सायंकाळीं वाढते, म्हणून सकाळची वेळ बरी. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत आजारी मुलाला घरींच ठेवावें. मुलाचें साधें पडसें ऐंशीच्या घरांतील माणसाला भारी पडूं शकतें.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट देवघेवीची. प्रत्येक बैठकींत एक गाणें वृद्धांनीं शिकवावें आणि एक मुलांनीं. मुलांनीं शाळेंतील गाणें शिकवितांना आजोबांस ध्रुवपद दहा वेळां म्हणावयास लावलें तर त्यांत आजोबांचा मान कमी होत नाहीं. आजीनें सांगितलेलें गाणें मोठ्या मुलांनीं वहींत उतरून घ्यावें आणि त्यापुढें तिचें नांव व गांव लिहावें. अर्थ न समजलेला शब्द विचारावा. उखळ, मोट, कणगी हे शब्द शहरांतल्या मुलाला गाण्यांतूनच प्रथम भेटतात, आणि तो शब्द समजावून देतांना आजीचें सारें बाळपण बाहेर येतें.

अशा मंडळावर एक प्रसंग केव्हांतरी येतोच. वयोवृद्धांपैकीं कोणी आजारी पडतें, कोणी जातें. तें मुलांपासून लपवूं नये. आजोबा गेले, असें साध्या शब्दांत सांगावें आणि त्यांचें गाणें त्या दिवशीं अवश्य म्हणावें. वारकऱ्यांच्या सप्ताहांत वीणा रात्रंदिवस खालीं ठेवीत नाहींत. एकजण थकला कीं ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. आठवड्याचा एक ठराविक दिवस, पांचसात वृद्ध, तितकींच मुलें आणि चिपळ्यांचे चार जोड एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. ह्यांतील पहिल्या तिन्ही गोष्टी बहुतेक प्रत्येक गल्लींत आहेत. पहिल्या दिवशीं गाणें कोणतें म्हणावें, हें तेथील सर्वांत वडील बाईला विचारावें.