गुरूच्या चंद्राचा उशीर

आमच्या एका जोडीदाराचा एकदा अर्धा रोज कापला गेला. नाल्यास पूर आल्याने त्याची एस. टी. अडकली होती. हजेरीबुकात उशीर तेवढा दिसला, वाट कोणी विचारली नाही. तेव्हापासून आकाशातील एका उशिराची हकीकत आम्हांस फार जवळची वाटते.

गुरू हा वायूचा प्रचंड गोल. त्याचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० साली पाहिले. ओझरला बाणगंगेकाठी उभे राहून साध्या दुर्बिणीतूनही ते ठिपक्यांसारखे दिसतात. आपल्या चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी तिरकी, म्हणून दर पौर्णिमेस ग्रहण होत नाही. गुरूचे तसे नाही. त्याची सावली अवाढव्य, आणि आयो या चंद्राची वाट जवळजवळ तिच्याच पातळीत. म्हणून सुमारे साडेबेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत आयोला ग्रहण लागते. उलट तो गुरू व सूर्य यांच्यामध्ये आला की त्याची काळी सावली गुरूच्या ढगांवरून सरकते. तेथे तेव्हा खग्रास सूर्यग्रहण असते!

एवढे नेमके घड्याळ; पण पॅरिसच्या वेधशाळेत रोमर या डॅनिश ज्योतिर्विदास ते चुकताना आढळले. पृथ्वी गुरूपासून दूर जाऊ लागली की ग्रहणे उशिरा दिसत, जवळ येऊ लागली की लवकर. १६७६ साली त्याने उलगडा केला: आयो वेळेवरच आहे, प्रकाशालाच वाट तुडवावी लागते. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, असा त्याचा अंदाज. खरी सुमारे साडेसोळा. आकडा चुकला, पण तत्त्व टिकले.

याच चंद्रांनी एका मराठी गणितज्ञालाही वाट दाखविली. आयोच्या चार फेऱ्या होतात तो युरोपाच्या सुमारे दोन आणि गॅनिमीडची एक. लाप्लासने उकललेली ही संगती ग्रहांना लावून बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली नेपच्यूनपलीकडील ग्रहाचे अंतर वर्तविले. १९३० साली प्लूटो सापडला, तो जवळपास त्याच अंतरावर. यात योगायोगाचा भाग असेलही. पण शाळेत शिकविणाऱ्या माणसाने हे गणित फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेपुढे मांडले, हे धैर्य योगायोगाचे नव्हे.

रोमरने आयोवर ठपका ठेवला असता, तर प्रकाशाचा वेग त्याच्या हाती लागला नसता. उशीर दिसला की आधी वाट मोजावी. आकाशात हा न्याय लागू पडतो, तर कारखान्याच्या फाटकाशी का पडू नये?