पाण्याची कसोटी : नमुना घेण्यापासून निष्कर्षापर्यंत

पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात वसतिगृहात जुलाबाची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांची संख्या वाढते, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. हवापालट, घरून आणलेला खाऊ, बाजारातले उघड्यावरचे पदार्थ अशी कारणे आम्ही पालकांना सांगत आलो. शाळेच्या विहिरीकडे मात्र आमचे लक्ष गेले नाही. तिचे पाणी नितळ होते, चवीला गोड होते आणि शाळा सुरू झाली तेव्हापासून सारे तेच पीत होते. अखेर विज्ञान मंडळातील आम्ही शिक्षक आणि नववी-दहावीचे विद्यार्थी यांनी मिळून या पाण्याची रीतसर तपासणी करावयाचे ठरविले. त्या निमित्ताने आम्ही जे शिकलो, ते माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत. आपल्या गावचे पाणी तपासून पाहू इच्छिणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शुद्ध कशाला म्हणावे?

'शुद्ध पाणी' या शब्दांमागचा इतिहास आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्यानंतर तळे 'बाटले' म्हणून १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध व दही कालवून, मंत्रघोषात त्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. वर्गात हा प्रसंग शिकविताना आम्ही मुलांना एक प्रश्न विचारतो : शुद्धीकरणाच्या आधी एक आणि नंतर एक असे त्या पाण्याचे दोन नमुने कोणी प्रयोगशाळेत नेले असते, तर दूषित कोणता ठरला असता? माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणारे आणि विष्ठेवाटे बाहेर पडणारे ई. कोलाय हे जिवाणू पाण्यात सापडणे, हीच विज्ञानाच्या दृष्टीने पाणी दूषित असल्याची खूण आहे. ओंजळ कोणाची होती, याची नोंद घेणारी कसोटी कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. शुद्धता ही मोजावयाची गोष्ट आहे, हे मुलांना येथे प्रथम उमगते.

भिक्खूंच्या आठ परिष्कारांमध्ये पाणी गाळण्याच्या साधनाचा समावेश आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये हा त्यामागील विचार. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही डोळ्यांना न दिसणारे काही असू शकते, ही जाणीव त्यात आहेच. परंतु कापडातून जिवाणू सहज पार होतात. म्हणून गाळलेले पाणी स्वच्छ दिसले तरी ते निर्धोक झाले, असे मानता येत नाही.

नमुना घेण्याची रीत

तपासणीचे यशापयश नमुन्यावर अवलंबून असते. चुकीच्या रीतीने घेतलेला नमुना कितीही उत्तम प्रयोगशाळेत नेला तरी उत्तर चुकीचेच येते.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्या दिवशी मुलांनी निर्जंतुक केलेल्या बाटल्या विहिरीच्या पाण्याने तीन वेळा स्वच्छ विसळून घेतल्या, झाकणे काठावर पालथी ठेवली आणि मग बाटल्या काठोकाठ भरल्या. स्वच्छतेचे संस्कार असलेल्या मुलांना त्यात काही वावगे वाटले नाही. आम्हांलाही वाटले नाही. तज्ज्ञांनी पाचही नमुने ओतून द्यावयास सांगितले, तेव्हा कारण समजले.

जिवाणू तपासणीचा आणि रासायनिक तपासणीचा असे दोन वेगळे नमुने घ्यावे लागतात आणि त्यांची रीत एकमेकींच्या उलट आहे. रासायनिक तपासणीसाठी सुमारे एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असते. ती विसळावयाची नाही. पाण्यात क्लोरीन असल्यास त्याचा परिणाम थांबविण्यासाठी तिच्यात आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. बाटली विसळली की ते वाहून जाते. मग उरलेला क्लोरीन वाटेतही जिवाणू मारीत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. ही बाटली भरताना वर थोडी हवा राहू द्यावी, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना नीट हलविता येतो. झाकण हातातच, तोंड खाली करून धरावे. त्याच्या आतील बाजूस वा बाटलीच्या गळ्यास बोट लावू नये. दोन्ही नमुने घ्यावयाचे असल्यास जिवाणूंचा नमुना आधी घ्यावा.

पाणी कोठले आहे यावरही रीत बदलते. नळाची तोटी आतून-बाहेरून पुसून ज्योतीने शेकावी, मग दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन बाटली भरावी. हातपंप काही मिनिटे चालवून नळीत साचलेले पाणी काढून टाकावे. विहिरीत निर्जंतुक बाटलीला वजन बांधून ती कठड्याला वा भिंतीला न लावता सोडावी आणि पृष्ठभागाखाली बुडवावी. रोजच्या पोहऱ्यातून बाटलीत पाणी ओतल्यास पोहऱ्याची तपासणी होते, विहिरीची नव्हे. नदीत काठालगतचे साचलेले पाणी टाळून, बाटलीचे तोंड प्रवाहाकडे करून साधारण वीतभर खोलीवर नमुना घ्यावा.

बाटली भरताच तिच्यावर चिठ्ठी लावावी : गाव, पाण्याचा स्रोत, दिनांक, वेळ, आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, पाण्यात टीसीएल पावडर टाकली होती का आणि नमुना घेणाऱ्याचे नाव. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, तिला आम्ही प्रयोगशाळेत जागा देत नाही. जिवाणूंचा नमुना बर्फाच्या पेटीत, उन्हापासून दूर ठेवून शक्यतो सहा तासांत आणि काही झाले तरी चोवीस तासांच्या आत तपासणीस पोहोचला पाहिजे.

कोणती तपासणी काय सांगते?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १०५००:२०१२ हे मानक ठरविले आहे. त्यानुसार पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ या दरम्यान असावा. विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. दुष्फेनतेसाठी या मर्यादा २०० व ६०० मिलिग्रॅम आहेत. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही जड पाण्याची घरगुती लक्षणे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत.

फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, १.५ च्या पुढे जाऊ नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत ते अधिक आढळते. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात व पुढे हाडे अधू होतात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही, कारण अधिक नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होते. पाणी उकळल्याने जिवाणू मरतात. फ्लोराइड व नायट्रेट मात्र जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. आजार कोणता हे कळल्याखेरीज औषध देऊ नये, तसेच पाण्याचेही आहे.

जिवाणूंबाबत मानक सर्वांत कडक आहे : १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय आढळता कामा नये. शाळेत आम्ही यासाठी एच-टू-एस बाटली वापरतो. खुणेपर्यंत पाणी भरून ती २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवावयाची. पाणी काळे पडले तर विष्ठेचा संसर्ग झाल्याचा संशय घ्यावयाचा. क्वचित इतर जिवाणूंमुळेही रंग बदलतो, म्हणून काळ्या बाटलीनंतर दुसरा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. क्लोरीनसाठी ओटी चाचणी सोपी आहे. पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो आणि तो रंगपट्टीशी ताडून पाहावयाचा. नळाच्या शेवटच्या टोकाशीही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ही चाचणी करतो. ती पाहण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे.

आमच्या विहिरीचे उत्तर

आमच्या विहिरीची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेपूर्वीच काळी झाली होती. रासायनिक अहवाल जवळजवळ निर्दोष होता. ज्या गोडीवर आम्ही विसंबलो ती खरीच होती, पण तिचा निर्धोकपणाशी काही संबंध नव्हता.

मग विहिरीच्या भोवतालची पाहणी केली. कठड्याच्या फरशीला तडा गेला होता आणि कपडे धुतलेले पाणी तेथूनच आत झिरपत होते. पोहऱ्याचा दोर जमिनीवर लोळत होता. तडा बुजविला, दोर उंच टांगला, टीसीएल सुरू केले. विहिरीत पाणी किती याचा हिशेब दहावीच्या मुलांनी मांडला : व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. भूमितीच्या तासाला त्या दिवशी कोणी पेंगले नाही.

तरीही महिन्याने बाटली पुन्हा काळी पडली. शोध घेता स्नानगृहाचा शोषखड्डा चढाच्या बाजूस विहिरीपासून अवघ्या नऊ पावलांवर निघाला. हे अंतर किमान १५ मीटर असावे लागते. तो खड्डा आम्हीच खोदविला होता. दोष आमचाच होता. खड्डा हलविल्यानंतर घेतलेले नमुने स्वच्छ आले आहेत. तरीही पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी दर महिन्याला तपासणी चालू आहे, कारण अहवाल त्या दिवसापुरता खरा असतो.

पुढे जवळच्या एका गावाने मुलांना बोलाविले. गावच्या जुन्या विहिरीवर आमच्या दोन विद्यार्थिनींनी बाटली सोडली, तेव्हा त्यांपैकी एकीची आजी काठाशी उभी होती. तिच्या लहानपणी तिच्या वस्तीतल्या बायकांना त्याच विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन दूर थांबावे लागे. कोणी वरून ओतले तर पाणी मिळे. नातीने चिठ्ठीवर स्वतःचे नाव लिहिले. ती बाटलीही काळी झाली. ग्रामसभेत तिने ती सर्वांसमोर ठेवली आणि पाणी का उकळावे, कठडा कोठे दुरुस्त करावा, हे सांगितले. सभेने ऐकून घेतले आणि त्याच आठवड्यात काम सुरू झाले.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे की, सुट्टीनंतर पाल्यास सोडावयास याल तेव्हा आपल्या गावच्या पाण्याचा नमुना सोबत आणावा. निर्जंतुक बाटली विज्ञान मंडळाकडून आधी न्यावी, ती विसळू नये आणि चिठ्ठी लावावयास विसरू नये.