उंटिणीचे दूध इन्सुलिनला पर्याय नव्हे

देगलूर - मराठी माणसाला इतिहासातील सांडणीस्वार ठाऊक असतो. सांडणीचे दूध मात्र त्याच्या आहारात कधी नव्हते. आता हेच दूध भुकटीच्या रूपाने, मधुमेहींसाठी गुणकारी म्हणून घरपोच मिळू लागले आहे. तेलंगणाच्या सीमेवरील देगलूरमध्येही ते मागविता येते. त्यामागे शास्त्र किती आणि जाहिरात किती, हे त्यामुळेच तपासून पाहावे लागते.

या चर्चेचे मूळ राजस्थानातील बिकानेर येथे आहे. उंट पाळणाऱ्या राईका समाजात उंटिणीचे दूध नियमित पिणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा एकही रुग्ण आढळला नसल्याचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात, दिवसभर कळपामागे चालणारा माणूस आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस यांच्यातील फरकाचे सारे श्रेय दुधाला देता येत नाही.

अधिक महत्त्वाची ठरली ती डॉ. आर. पी. अग्रवाल व सहकाऱ्यांची २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली दोन वर्षांची चाचणी. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या २४ रुग्णांपैकी १२ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज ५०० मिलिलिटर उंटिणीचे दूध देण्यात आले. त्यांची इन्सुलिनची सरासरी गरज दिवसाला ३२.५ युनिटवरून १७.५ युनिटवर आली. तिघांना तर इन्सुलिनची गरजच उरली नाही. जाहिरातदार नेमके हे तिघेच सांगतात. उरलेल्या नऊ जणांचे इन्सुलिन सुरूच होते आणि रुग्णसंख्या अवघी बारा होती, हे सांगितले जात नाही.

या दुधात इन्सुलिनसदृश प्रथिने असून, ते जठरात गाईच्या दुधासारखे घट्ट साकळत नसल्याने ती पचनातून बचावत असावीत, असा एक तर्क आहे. तो अद्याप तर्कच आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. अशा रुग्णाने, विशेषतः लहान मुलाने, दुधाच्या भरवशावर इंजेक्शन थांबविल्यास काही दिवसांतच रक्तातील आम्ल वाढून जिवावर बेतू शकते. उलट, दूध घेताना साखर खरोखरच उतरू लागली, तर जुनाच डोस जास्त ठरू शकतो. दोन्ही परिस्थितींत डोस ठरविण्याचे काम डॉक्टरांचेच. आपल्याकडील बहुसंख्य मधुमेही दुसऱ्या प्रकारचे असल्याने वरील चाचणीचे आकडे त्यांना जसेच्या तसे लागूही होत नाहीत.

खर्चाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. 'अमूल'ने जानेवारी २०१९ मध्ये गुजरातेत हे दूध आणले, तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली ५० रुपयांना होती. म्हणजे महिन्याला दीड हजार रुपये. देगलूरकडे येते ती भुकटी. अर्धा लिटर दुधासाठी ती साधारण ५५ ते ६० ग्रॅम लागते, म्हणजे २०० ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपतो. रोज चमचाभर भुकटी पाण्यात ढवळून पिणाऱ्याला चाचणीतील मात्रा मिळतच नाही. शिवाय अर्ध्या लिटरमध्ये २० ते २५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. ती दिवसाच्या आहारात धरावी लागते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या दुधासाठी २०१६ मध्ये मानके ठरविली आहेत. डब्यावर परवाना क्रमांक असल्याची खात्री करून घ्यावी. कच्चे दूध मिळालेच, तर ते उकळूनच प्यावे. त्यातून ब्रुसेलोसिसची लागण होऊ शकते.