लेखक राखाडी रंग का वापरतात? डोरोथीच्या घरात बघूया

'विझर्ड ऑफ ऑझ' म्हटलं की काय आठवतं? पिवळ्या विटांचा रस्ता, पाचूचं हिरवं शहर आणि १९३९च्या सिनेमातले डोरोथीचे लाल चमचमते बूट.

पण एल. फ्रँक बॉम यांचं १९०० साली आलेलं मूळ पुस्तक सुरू होतं ते राखाडी रंगाने. सुरुवातीच्या काही परिच्छेदांतच हा रंग इतक्यांदा येतो की वाटावं, लेखकाकडे शब्द कमी पडले की काय! तसं नाहीये. बॉम हे मुद्दाम करतात.

आधी जमीन, मग घर, मग माणसं

डोरोथी कॅन्ससच्या उघड्या माळरानावर राहते. उन्हाने नांगरलेली जमीन भाजून राखाडी झाली आहे. गवताची टोकं करपून त्याच रंगाची झाली आहेत. घराला कधीकाळी रंग दिला होता, पण उन्हाने त्याला फोड आले आणि पावसाने तो धुऊन नेला.

मग बॉम आंट एमकडे वळतात. ती इथे आली तेव्हा तरुण, देखणी होती. या उन्हा-वाऱ्याने तिच्याही डोळ्यांतली चमक आणि गालांवरची लाली नेली. ती आता हसत नाही, हे त्यानंतर येतं. तोवर कारण आपल्याला कळलेलं असतं.

त्या घरात राखाडी नसलेला एक जीव आहे: टोटो, काळा कुत्रा. डोरोथीला हसवतो तो टोटोच.

म्हणजे इथे राखाडी हा नुसता रंग नाही. काय होतं आणि ते कशामुळे गेलं, याचा तो हिशोब आहे.

हे आलं कुठून?

बॉम १८८८ मध्ये डकोटातल्या अ‍ॅबरडीन गावी राहायला गेले. तिथे त्यांनी दुकान काढलं. दुष्काळात शेतकऱ्यांचे हाल झाले, बॉम यांचं दुकान बुडालं, पुढे वर्तमानपत्रही बंद पडलं. १८९१ मध्ये ते शिकागोला गेले. पुस्तकातलं कॅन्सस हे बरंचसं त्यांनी पाहिलेलं डकोटा आहे, असं अनेक अभ्यासक मानतात.

आपल्या मराठीत तर सोय आहे

मराठीत फिक्या रंगांच्या नावांतच बऱ्याचदा कारण दडलेलं असतं. राखाडीत राख आहे, धुरकटमध्ये धूर, मातकटमध्ये माती, मळकटमध्ये मळ. विटका म्हणजे आधी चांगला असलेला, नंतर विटलेला.

'त्याने राखाडी शर्ट घातला होता' यातून फक्त रंग कळतो. 'विटका शर्ट' म्हटलं की किती धुणी झाली आणि नवा का घेतला नसेल, हेही मनात येतं. म्हणून पुढच्या वेळी गोष्टीत फिका रंग दिसला की एक प्रश्न विचारा: इथला मूळ रंग कोणी नेला?

आणि डोरोथी? ऑझमध्ये बुजगावणं तिला विचारतं, इतका सुंदर देश सोडून त्या कोरड्या, राखाडी जागी परत का जायचंय? तिचं उत्तर सरळ आहे: ते घर आहे म्हणून.