शिकेकाई-रिठ्याचे केशधावन आणि कोंडा : परीक्षणाची योग्य पद्धती

मराठवाड्यातील अन्य गावांप्रमाणे सिरसाळा (ता. परळी, जि. बीड) परिसरातही शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा यांच्या काढ्याने न्हाण्याची रीत परिचित आहे. या काढ्याने कोंडा जातो, हा समज कसा पारखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सुश्रुतसंहितेत 'दारुणक' या नावाने क्षुद्ररोगांत वर्णिलेली व्याधी कोंड्याशी मिळतीजुळती आहे. आधुनिक विज्ञानानुसार कोंड्याचा संबंध मॅलॅसेझिया या कवकाशी आहे. डोक्याच्या त्वचेतून स्रवणाऱ्या तेलाचे हे कवक लायपेज विकराने विघटन करते. त्यातून मुक्त झालेले ओलेइक आम्ल संवेदनशील त्वचेचा दाह घडवते व पापुद्रे सुटतात. २००७ मध्ये 'मॅलॅसेझिया ग्लोबोसा'चा जनुकसंच प्रसिद्ध झाला. स्वतः मेदाम्ले तयार करणारे जनुक त्यात आढळले नाही. म्हणजे हे कवक बाहेरच्या तेलावरच जगते.

नेमकी येथेच अनेक महाविद्यालयीन प्रयोगांची गफलत होते. सर्वसाधारण सॅबूरो आगारावर कोंड्याशी निगडित प्रजाती वाढत नाहीत. ऑलिव्ह तेलासारखा मेद असलेले माध्यम व सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमान लागते. ही अडचण टाळण्यासाठी कँडिडा घेऊन काढ्याभोवतीचे निरोधवलय मोजणे म्हणजे दुसऱ्याच कवकाची परीक्षा घेणे होय. शिवाय सॅपोनिनचे मोठे रेणू आगारात मंद गतीने पसरतात. त्यामुळे वलय लहान म्हणून औषध निरुपयोगी, वा मोठे म्हणून गुणकारी, असे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात.

बेसाल्टी भूभागातील कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन असते. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका केसांत राहतो. सॅपोनिनचा सहसा राहत नाही. तेव्हा दिसणारा लाभ कवकनाशाचा नसून केवळ स्वच्छतेचा असू शकेल. म्हणून मानवी चाचणीत एका गटास काढा, दुसऱ्यास साधा सौम्य शाम्पू व तिसऱ्यास २ टक्के केटोकोनॅझोलयुक्त शाम्पू द्यावा. पाणी, चोळण्याचा अवधी व आठवड्यातील धुण्याची संख्या सर्वांस समान असावी. न्हाल्यानंतर तेल लावण्याच्या सवयीवरही एकच नियम हवा, कारण कवकाचे अन्न तेलच आहे. शिकेकाईचा वास लपत नाही. निदान गुण देणाऱ्या परीक्षकास तरी गट ठाऊक नसावा. काढा फडक्यातून गाळावा, अन्यथा केसांत उरलेली भुकटी कोंडा म्हणून मोजली जाते. चार आठवड्यांची नोंद आणि आचारनीती समितीची पूर्वसंमती आवश्यक आहे.

मुलांच्या डोक्यावर पापुद्र्यांसह केस गळालेले चट्टे असल्यास तो गजकर्ण असू शकतो व त्यास पोटातून घ्यावयाचे औषध लागते. अशा मुलांना चाचणीत न घेता त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे.