देवळालीच्या मास्तरांची संख्या

३५२४ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तीच कृती: ८७३० − ०३७८ = ८३५२. आणखी एकदा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येईल! चारही अंक सारखे नसले, की कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत येथेच पोहोचते. मात्र आरंभीचे शून्य गाळू नका.

हा स्थिरांक १९४९ साली शोधला नाशिकजवळच्या देवळालीतील शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. पदव्युत्तर पदवी नव्हती. कित्येकांना त्यांचे गणित पोरखेळ वाटले. त्यांनी छंद सोडला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि नाव जगभर गेले.

‘याचा उपयोग काय?’ असे विचारणारे भेटतीलच. आधी स्वतःला विचारा: ‘यात मला आनंद आहे का?’