फेब्रुवारीत न येणारी स्तोत्रं

आईच्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक तक्ता आहे. निळ्या शाईतला, पट्टीने आखलेला. डावीकडे १ ते ३० तारखा, पुढे ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ असे दोन रकाने, आणि प्रत्येक घरात स्तोत्रांचे आकडे. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं महिन्यात संपवायची आणि एक तारखेला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ही वाटणी आईने काढलेली नव्हे. इंग्लंडात आर्चबिशप क्रॅन्मरने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ती घालून दिली. बेनेडिक्टच्या मठांतले साधू सगळी दीडशे एका आठवड्यात म्हणत. संसारी माणसाला ते कुठून जमणार, म्हणून महिना. आई पुण्यात पंचहौदच्या अँग्लिकन देवळात वाढली. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, उपासनेच्या रीती बदलत गेल्या, पण आईचा तक्ता काही बदलला नाही. २०१६ मध्ये ती गेली आणि तिचं बायबल माझ्या कपाटात, साड्यांखाली, तीन वर्षं पडून राहिलं.

ते बाहेर काढलं सप्टेंबर २०१९ मध्ये. पप्पांचं डायलिसिस सुरू झालं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चार ते रात्री आठ. डाव्या हाताला फिस्टुला केलेला. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं. चार तास खुर्चीत बसून करायचं काय? टीव्हीवर मालिका चालू असायच्या, पण रिमोट नेहमी दुसऱ्या कुणाच्या हातात. एके दिवशी मी बायबल पिशवीत टाकलं. सकाळचा भाग घरी, संध्याकाळचा तिथे, असा क्रम पडला. त्यात भक्ती कमी आणि वेळ घालवणं जास्त होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तक्त्याची एक गोष्ट लवकरच लक्षात आली. तो तुमची मनःस्थिती विचारत नाही. एरवी मी मेंढपाळाचं २३वं आणि डोंगरांकडे डोळे लावणारं १२१वं, अशी ठरलेली चार-पाच स्तोत्रंच वाचत आले होते. तक्ता मात्र तारखेला येईल ते पुढ्यात टाकायचा. १७ सप्टेंबरला, मंगळवारी सकाळी, ८८वं आलं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा धड वाचलं. बाकीची रडगाणी शेवटी कुठेतरी वळतात, देवाचे आभार मानतात. हे वळत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर मी पप्पांकडे बघायचं टाळलं. ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “बरं लिहिलंय. खोटं नाही बोलला.”

त्याच संध्याकाळी ८९व्यात चार वेळा ‘सेला’ आलं. पप्पांनी विचारलं, हा सेला कोण? मी म्हटलं, कोण नाही, हिब्रू शब्द आहे. स्तोत्रांत एकाहत्तर वेळा येतो, आणि त्याचा नेमका अर्थ पंडितांनाही सांगता येत नाही. पप्पा रेल्वेत गार्ड होते. चौतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी हिरवा-लाल झेंडा दाखवला. ते म्हणाले, “सिग्नल असेल. थांबा म्हणत असेल.” पुष्कळ विद्वानांचा तर्कही तोच आहे, हे मला नंतर कळलं.

८ ऑक्टोबरला दसरा होता. खंडेनवमीला डायलिसिसच्या यंत्रांची पूजा झाली होती. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, वर हळदकुंकू. पप्पांच्या यंत्राची माळ पंपाजवळ लोंबत होती आणि सिस्टर दर दहा मिनिटांनी ती बाजूला सारत होत्या. आठ तारीख, संध्याकाळ, म्हणजे ४१ ते ४३. त्यातलं ४२वं पाण्यासाठी तळमळणाऱ्या हरणीचं.

डायलिसिसच्या माणसासमोर तहानेचं स्तोत्र वाचणं काय असतं, ते त्या घरातल्यांनाच कळेल. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं. आमच्याकडे एक स्टीलचा तांब्या होता, त्यात सकाळी दिवसाचं पाणी भरून ठेवायचं. चहा, औषधं, आमटीतलं पाणी, सगळं त्यातूनच वजा. दुपारपर्यंत तांब्या तळाला जायचा. मग पप्पा बर्फाचा एक तुकडा तोंडात धरून बसायचे, तो विरघळू नये म्हणून बोलायचेही नाहीत. ४२वं ऐकून ते म्हणाले, “हरणीला कुणी मोजून देत नसेल.” शेजारच्या खुर्चीतले काका इतके हसले की त्यांच्या यंत्राचा अलार्म वाजला. पण घरी येताना रिक्षात पप्पांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

टाळेबंदीचं काय सांगायचं, ते सगळ्यांनीच भोगलंय. २४ मार्च २०२० च्या रात्री ती जाहीर झाली, २६ ला गुरुवार, आमचा वार. ११९वं स्तोत्र सर्वांत लांब, १७६ वचनांचं. हिब्रूच्या बावीस अक्षरांवर प्रत्येकी आठ वचनं. पप्पा त्याला बाराखडी म्हणायचे. तक्त्यात ते तीन दिवसांत वाटलेलं आहे, आणि २६ च्या सकाळचा भाग सुरू होतो बरोबर १०५व्या वचनापासून, म्हणजे ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरांवर हमखास छापतात त्या दिव्याच्या वचनापासून. त्या रात्री परत येताना चौकाचौकात सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत होते. तीन ठिकाणी अडवलं, तीन ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. पप्पा मागच्या सीटवर म्हणाले, “पिवळा आहे. जपून, पण जा.”

मग २२ ऑक्टोबर. विमा कंपनीने दावा नाकारल्याचं पत्र सकाळी आलं. कारण दीड ओळीचं. संध्याकाळी तक्त्यात १०९वं. शापांचं स्तोत्र आहे ते. वैऱ्याची बायको विधवा होवो, पोरं भीक मागोत, इथपर्यंत मजल जाते. कॅथलिक चर्चने १९७० नंतरच्या नित्यप्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं अख्खी काढून टाकली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी मी ते मास्कच्या आडून, चवीने, एकेक शाप चघळत वाचलं. तुकोबांचं विठ्ठलाशी भांडण ऐकत वाढलेल्या कानांना देवापुढची शिवीगाळ तशी नवी नाही. आई म्हणायची, देवाला सांगून टाकलं की मग शेजारणीला सांगावं लागत नाही. पत्राला उत्तर मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, शांतपणे. चार महिन्यांनी निम्मी रक्कम मिळाली.

पुढची दोन वर्षं एकसारखी गेली. दवाखाना, नोकरी, स्वयंपाक, ‘ड्राय वेट’चे आकडे. शेजारची खुर्ची दोनदा रिकामी झाली, दोनदा भरली. काही महिने वाचन बंदच पडलं. पुन्हा सुरू करायचं तर मागचं भरून काढावं लागायचं नाही, त्या दिवसाची तारीख बघायची, एवढंच. कधी पप्पाच आठवण करायचे, “आज काय तारीख?” केडगावचं नाव निघालं की सांगायचे, आपली गाडी तिथे थांबली की तुझी आई खिडकीतून मुक्तिसदनाच्या दिशेला हात जोडायची. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई तिथल्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी ते काम सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

२७ फेब्रुवारी २०२३ च्या संध्याकाळी १२६ ते १३१ होती. त्यातलं १३०वं पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याचं. पप्पा ऐकत होते की नाही, सांगता येणार नाही. पहाटे चारच्या सुमाराला ते गेले. मंगळवार होता, डायलिसिसचा.

दफनानंतर घरी त्यांचे रेल्वेतले एक जुने स्नेही बसले होते. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल ज्यू. पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये जाणारे. टेबलावर बायबल उघडं होतं, त्यांनी तक्ता पाहिला. २९ आणि ३० च्या घरांपुढे आईने पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं आहे, ‘फेब्रुवारीत नाही’. नंतरच्या प्रार्थनापुस्तकाचा नियमच तसा. एकतीस तारखेला तीसची स्तोत्रं पुन्हा म्हणायची, आणि फेब्रुवारीत २८ किंवा २९ ला थांबायचं. म्हणजे शेवटची हालेलूयाची स्तोत्रं त्या महिन्यात येतच नाहीत. काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “आम्हीपण तेहिलीम महिन्यातच संपवतो. आमचा महिना कधी एकोणतीसचा असतो. मग एकोणतीसला दोन्ही दिवसांचं म्हणायचं. कुणाला वगळायचं नाही.”

१ मार्चला तक्त्याप्रमाणे पहिलं स्तोत्र होतं. मी ते वाचलं नाही. बायबल पुन्हा साड्यांखाली गेलं.

२०२४ च्या फेब्रुवारीला एकोणतीस दिवस होते. २९ ला गुरुवार. चार वाजता, आमच्या वेळेला, मी ते काढलं. तांब्या अजून ओट्यावरच असतो, आता त्यात कोथिंबिरीची जुडी ठेवते. काकांच्या रीतीने २९ चं आणि ३० चं, दोन्ही म्हणायचं ठरवलं होतं. १३९ ते १४१ सकाळची, ती आधी वाचली. मग १४२. १४३व्यात सहाव्या वचनापाशी आले. हात पसरलेला माणूस, कोरडी पडलेली जमीन, तहान, आणि वचनाच्या शेवटी कंसात तोच शब्द, सेला.

तिथे थांबले.